पोट शांत आहे? मग घ्या, कोलोनोस्कोपी!

क्रोन्सवाल्याचं (क्रोन्स म्हणजे आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) पोट शांत असणं म्हणजे सणच, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणतात, "छान, आता कोलोनोस्कोपी करून टाकू, मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघू." अहो पण आता काहीच होत नाहीये! "म्हणूनच तर." आतड्याला सूज असली की पेशी तशाही विचित्र दिसतात म्हणे, मग कॅन्सरच्या आधीचे बदल, म्हणजे डिस्प्लेसिया, कुठले आणि नुसती सूज कुठली हे बायोप्सीत, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासताना, ओळखणं अवघड जातं. म्हणजे वर्षानुवर्षं ज्या जुलाबांनी पिडलं, औषधं-इंजेक्शनं घेऊन जे कसेबसे थांबवले, तेच आता तपासणीआधी आतडं साफ करायला मी आपल्या हाताने लावून घ्यायचे!

मोठ्या आतड्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग सुजलेला असेल तर तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून त्रास सुरू झाल्यावर साधारण ८ वर्षांनी ही तपासणी सुरू होते आणि मग धोका बघून १ ते ५ वर्षांनी परत परत (पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजारही असेल तर पहिल्यापासूनच दरवर्षी, त्या लोकांना माझा साष्टांग नमस्कार).

तपासणीचं काही वाटत नाही हो, झोपेचं इंजेक्शन देतात. खरा छळ त्या पाण्यात कालवून प्यायच्या जुलाबाच्या पावडरीचा. पाकिटावर लिंबाचं चित्र, चव मात्र खारट, गुळगुळीत, आणि जगवरची पातळीची रेघ काही केल्या खाली सरकत नाही. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे उठून, कारण तसं केलं की आतडं जास्त स्वच्छ होतं. मग दाराबाहेरून घरच्यांचं सुरू, "आता कसला रंग आहे?" पिवळसर पाणी झालं असं आतून ओरडून सांगितल्यावर घरात जो आनंद झाला तेवढा माझ्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

आत गेल्यावर डॉक्टर आतड्यावर निळा रंग फवारतात, सपाट, साध्या उजेडात सहज न दिसणारे बदल उठून दिसावेत म्हणून, आणि संशय येईल तिथले तुकडे काढतात. कल्पना एकदम झकास आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त नंतर शी हिरवी-निळी होऊ शकते हे कुणीतरी आधी सांगायचं ना! मी फ्लश न करता अख्ख्या घराला बोलावून दाखवली.