लॅटिनचं पहिलं पुस्तक संपलं, आता पुढे कुठलं?

अमेरिकेत मुलांना घरी शिकवणाऱ्या मराठी आईबाबांसाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे.

'प्रीमा लातिना' किंवा 'लातिना क्रिस्तिआना' ही सुरुवातीची लॅटिन पुस्तकं संपली की त्याच मालिकेतला पुढचा भाग डोळे मिटून मागवला जातो. माझं म्हणणं, आधी मूल तपासा. धडे संपले म्हणजे भाषा आली असं नसतं.

तपासायला अर्धा तास पुरतो. कोरा कागद द्या. पहिल्या तीन डिक्लेन्शनमधलं (म्हणजे नामं चालवण्याच्या गटांमधलं) एकेक नाम, पाच विभक्ती, दोन वचनं, म्हणजे 30 रूपं. मग एका क्रियापदाचे वर्तमान, अपूर्ण भूत आणि भविष्य. शेवटी हे वाक्य: 'पुएल्लाम आग्रिकोला विदेत'. इंग्रजीच्या सवयीचं मूल हमखास म्हणतं, मुलगी शेतकऱ्याला पाहते. पण शेवटचा 'म' द्वितीयेचा आहे. मुलीला शेतकरी पाहतो. म्हणून घरात मराठी असेल तर अर्थ मराठीतच सांगायला लावा. 'मुलीला' आधी आलं तरी आपल्याकडे काही बिघडत नाही, क्रम हलवावाच लागत नाही. मराठी घरांना मिळालेली ही सवलत फुकट घालवू नका.

रूपांचे तक्तेच कच्चे असतील तर 'फर्स्ट फॉर्म लॅटिन' घ्या. पाचही डिक्लेन्शन, आणि पहिल्या दोन गणांतल्या क्रियापदांचे सहा काळ. रटाळ आहे, पण पाया पक्का करतं. आईबाबांना लॅटिन येत नसेल तरी शिक्षक-पुस्तिकेच्या आधारावर निभावतं.

तक्ते तोंडपाठ आहेत पण वाक्य समोर आलं की गाडी अडते (बहुतेक मुलांचं हेच असतं), तर नवा व्याकरणाचा भाग नको, वाचन हवं. अर्बेर्ग यांचं 'फामिलिआ रोमाना' घ्या. 35 प्रकरणं, पहिल्या ओळीपासून सगळं लॅटिन, अर्थ चित्रांतून आणि पानाच्या समासातल्या खुणांवरून. यातला खड्डा आधीच सांगते. तक्ते येणारं मूल पहिली आठ-दहा प्रकरणं भराभर वाचतं आणि आईबाबा हुरळतात. पण 14व्या प्रकरणापर्यंत क्रियापदं जवळजवळ तृतीयपुरुषीच असतात. 'मी', 'तू' 15व्यात येतात, आणि लगेच 16व्यात रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी अशी क्रियापदं. इथे पुस्तक बंद पडतं. म्हणून सुरुवातीलाच वेग आवरा: दोन आठवड्यांना एक प्रकरण, मजकूर मोठ्याने तीनदा, मग शेवटचे तिन्ही पेन्सुम, म्हणजे स्वाध्याय, लिहून. दुसरा गाळता येईल, पहिला कधीच नाही. प्रत्यय तिथेच पक्के होतात.

'केम्ब्रिज लॅटिन कोर्स'च्या पॉम्पेईतल्या गोष्टी मुलांना आवडतात, पण त्यात षष्ठी येते थेट 17व्या टप्प्यावर. अवांतर वाचनाला उत्तम, मुख्य पुस्तक म्हणून माझी पसंती नाही. हेन्लेंचं पुस्तक शिस्तीचं आहे, पण शब्दसंग्रह सीझरचं लेखन वाचण्यासाठी बेतलेला: सैनिक, छावण्या, गॉल. व्याकरणाचं पुस्तक आणि उत्तरसूची वेगळी घ्यावी लागते, हे लोक मागवताना विसरतात. व्हीलॉक यांचं पुस्तक मुळात कॉलेजसाठी लिहिलेलं, 40 प्रकरणांचं. 14 वर्षांच्या आत नकोच.

मालिका बदलताना दोन गोष्टी आडव्या येतात. अमेरिकन पुस्तकांत विभक्तींचा क्रम प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, मग अ‍ॅब्लेटिव्ह (साधारण आपल्या तृतीया-पंचमीचं काम करणारी). अर्बेर्गकडे द्वितीया दुसऱ्या क्रमांकावर. घोकून पाठ केलेलं मूल इथे गडबडतं. जुना क्रमच ठेवा, नवे तक्ते त्या क्रमाने वहीत उतरवून घ्या. दुसरं उच्चारांचं. 'फर्स्ट फॉर्म'मध्ये चर्चचे उच्चार, म्हणजे रोमन वक्ता सिसेरो होतो 'चिचेरो'. अभिजात उच्चारात तोच 'किकेरो'. कुठलाही चालेल, पण एकच धरा आणि ध्वनिफिती त्याच उच्चारातल्या निवडा.

कुठलंही पुस्तक घेतलंत तरी शब्दांची कार्डं तपासा. नुसतं 'रेक्स' लिहिलेलं कार्ड निरुपयोगी. 'रेक्स, रेगिस, पुल्लिंग' असं हवं, कारण पुढची सगळी रूपं षष्ठीतल्या 'रेग'वरून होतात. तिसऱ्या डिक्लेन्शनला अडणाऱ्या मुलांची जुनी कार्डं काढून बघा, बहुतेकांवर षष्ठी लिहिलेलीच नसते. नवं पुस्तक पोस्टाने येईपर्यंत ती दुरुस्त करून घ्या.