पहिली सिगारेट बापाने द्यावी?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक सल्ला फिरतो आहे. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की वडिलांनीच त्याला समोर बसवून एक सिगारेट ओढायला लावावी. ठसका लागेल, मळमळेल आणि त्याचे कुतूहल कायमचे संपेल. जोडीला तीन विधाने आहेत: एक-दोन सिगारेटींनी कोणी व्यसनी होत नाही, बंदीमुळेच आकर्षण वाढते आणि आमचे आजोबा बिड्या ओढून नव्वदीपर्यंत जगले. माझ्या बहिणीने हा मजकूर पाठवून, नववीतल्या लेकाच्या बाबतीत असे करून पाहावे का, असे गंभीरपणे विचारले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, हे खरे आहे. पण आज रोज पाकीट संपवणाऱ्या बहुतेकांनाही तो लागलाच होता. घसा हळूहळू सरावतो, मेंथॉलच्या सिगारेटने तर ती जळजळही कमी जाणवते. निकोटिन मात्र पहिल्या झुरक्यापासून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि पौगंडावस्थेतला, अजून घडत असलेला मेंदू त्याला लवकर बळी पडतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील सर्वेक्षणांमधली दोन लाखांहून अधिक लोकांची उत्तरे एकत्र करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला की, एकदा सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक पुढे, निदान काही काळ तरी, रोज ओढणारे झाले. ही उत्तरे आठवणीवर विसंबून दिलेली असल्याने आकडा थोडा खालीवर होईल. तरीही ज्या प्रयोगानंतर निम्म्याहून अधिक जण त्या सवयीत अडकतात, त्याला उपाय म्हणणे हा शुद्ध अविचार आहे.

शिवाय तो गुन्हाही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात बापाला सूट दिलेली नाही.

बंदीमुळे आकर्षण वाढते म्हणणाऱ्यांनी आधी बंदी कुठे दिसते ते सांगावे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटींची विक्री बंद केली, तरी टपरीवर उघडे पाकीट आणि दोरीला लटकवलेला लायटर आजही दिसतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या देशव्यापी शालेय सर्वेक्षणात, दुकानातून वा टपरीवरून सिगारेट विकत घेणाऱ्या १३ ते १५ वयाच्या मुलांपैकी ४५ टक्के मुलांना वयाचे कारण सांगून कोणी नकार दिला नव्हता. त्याच सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांनी दहाव्या वाढदिवसाआधीच सुरुवात केलेली होती.

आजोबांविषयी एवढेच की, बिड्या ओढून पन्नाशीतच वारलेले आजोबा आपला किस्सा सांगायला उरलेले नसतात.

नुसत्या धाकाने मूल लपवायला शिकते, एवढे मात्र मला नाइलाजाने मान्य करावे लागते. तेव्हा बहिणीला मी लिहिले आहे की लेकाशी मोकळेपणाने जरूर बोल, शाळेत कोण ओढतो, कुठून मिळते, हे न रागावता विचार. मेव्हण्यांनी स्वतःची सिगारेट आता सोडावी. आणि लेकाने सुरुवात केल्याचे कळलेच, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते, तिथे त्याच्यासोबत बसून फोन कर.