गिटारमधला ट्यूनर फेकून देऊ नका

भाचीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, म्हणजे माझी गिटार इतके दिवस बेसूरच होती का?" मेसेज सगळीकडे फिरतोय: गिटारमध्ये बसवलेला ट्यूनर (तारा सुरात लावायचं यंत्र) कुचकामी असतो, वेगळा घ्या, त्यावर 'स्वीटन्ड' ट्यूनिंग (तारा नेहमीच्या सुरापेक्षा मुद्दाम किंचित वर-खाली लावणं) लावा, मग प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, शुद्ध वाजेल, मोठे कलाकारही हेच करतात. शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या कानांवर शंका घ्यायला लावणारा मजकूर आहे हा. राग येतो.

'प्रत्येक कॉर्ड शुद्ध' हे साफ खोटं. सप्तकाचे बारा सारखे भाग करून फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकलेले असतात, एकेक भाग 100 सेंटचा. ई मेजर कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर जी शार्प, म्हणजे ई ला षड्ज धरलं तर गंधार, लागतो. तो स्वयंभू, म्हणजे नैसर्गिक गंधारापेक्षा जवळजवळ 14 सेंट चढा असतो. तार तेवढी उतरवा, ई मेजर खरंच गोड होईल. आता तीच तार मोकळी सोडून ई मायनर धरा. इथे जी हा कोमल गंधार. नैसर्गिक जागी बसायला त्याला आधीच सुमारे 16 सेंट वर जायचं होतं, आपण त्याला आणखी खाली ओढलं. चूक गेली 30 सेंटवर! जी मेजर धरला तर जाड तारेवरच्या जीशी याचा सप्तकही जुळत नाही, सूर डोलताना स्पष्ट ऐकू येतो. तारेचा ताण एकच आणि प्रत्येक कॉर्डची मागणी वेगळी, हे कुठलंही यंत्र सोडवू शकत नाही. स्वीटन्ड ट्यूनिंग ही तडजोड आहे: काही कॉर्ड सुधारतात, काही बिघडतात. सोबत कीबोर्ड असेल तर तीही नको, कारण तो आपले सूर हलवणार नाही.

मोठ्या कलाकारांचं म्हणाल तर गायक-गिटारवादक जेम्स टेलर यांनी व्हिडिओत स्वतःचे आकडे सांगितलेत. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत 12, 10, 8, 4, 6 आणि 3 सेंट, सगळे खाली. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की तारा चढतात, जाड तारा छेडल्याक्षणी चढ्या वाजतात. ही त्याची भरपाई आहे, त्यांच्या हाताला बेतलेली. आणि सेंट दाखवणाऱ्या कुठल्याही ट्यूनरवर ती लावता येते.

राहिला बसवलेला ट्यूनर. तो पिकअपमधून (गिटारमधल्या, कंपन टिपणाऱ्या भागातून) थेट तारेचं कंपन घेतो, म्हणून गोंगाटात मोबाइलच्या ॲपपेक्षा भरवशाचा. बारकाव्यात वेगळा ट्यूनर सरस, हे मान्य करावंच लागेल: बॉसचा टीयू-3 एका सेंटपर्यंत अचूक, पीटरसनचे स्ट्रोब ट्यूनर 0.1 सेंटपर्यंत. पण बोट जरा जोरात दाबलं की सूर त्याहून कितीतरी जास्त चढतो. आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेल्या सुराशी) जुळत नसेल, तर आधी तारा बदला, मग सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती खालची पट्टी) तपासून घ्या. तो दोष ट्यूनरचा नाहीच.