कळवत सुटा, कोणाला ते विचारू नका

प्रोग्रॅमरच्या इंटरव्ह्यूमध्ये ऑब्झर्व्हर पॅटर्न विचारला की बेधडक सांगायचं: एका ऑब्जेक्टची स्थिती बदलली की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना आपोआप कळतं. १९९४ साली चौघांनी लिहिलेल्या डिझाइन पॅटर्न्सच्या, म्हणजे कोड रचण्याच्या ठरावीक नमुन्यांच्या, पुस्तकात २३ पॅटर्न आहेत, त्यातला हा एक, हेही जोडा. चौघांपैकी एरिक गामा एवढं नाव घेतलंत तरी भागतं. समोरच्यालाही बहुधा तेवढंच येत असतं. झाली नोकरी पक्की. आता ती टिकवायची, तर हा पॅटर्न कोडमध्ये अशा बेतानं घातला पाहिजे की तुमच्याशिवाय कोणाला काही उमगता कामा नये. वर्षभरानं तुम्हालाही नाही उमगलं तरी हरकत नाही.

समजा, बँकेचं ॲप आहे. खात्यात पैसे जमा झाले की एसएमएस जातो, पासबुकाचा स्क्रीन ताजा होतो, फ्रॉडची तपासणी होते आणि मार्केटिंगवाल्यांची ‘एफडी करा’ ही जाहिरात झळकते. साधाभोळा माणूस काय करेल? पैसे जमा करण्याच्या मेथडमध्येच चार ओळी एकाखाली एक लिहून मोकळा होईल. कोणीही यावं, वाचावं आणि काय काय होतं ते समजून घ्यावं! असली उघडीवाघडी गोष्ट ठेवू नका. चारही ओळी उडवा, खात्याच्या क्लासमध्ये एक यादी ठेवा, आणि ज्याला ऐकायचंय त्याला (तोच ऑब्झर्व्हर) त्या यादीत स्वतःचं नाव घालू द्या. मात्र सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घालायचं नाही. एसएमएसवाल्यानं कन्स्ट्रक्टरमधून, फ्रॉडवाल्यानं कॉन्फिग फाइलमधून, आणि मार्केटिंगवाल्यानं अशा मॉड्यूलमधून, जे फक्त प्रॉडक्शनवरच लोड होतं. याला लूज कपलिंग, म्हणजे भागांची एकमेकांत सैल गुंतवण, म्हणतात. पुढे कोणी नवा मुलगा ‘पैसे जमा झाल्यावर नेमकं काय होतं?’ असं विचारायला आला, तर त्याला हा शब्द सांगायचा. तो ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे कोड मध्येच थांबवून, बघत बसेल. त्याला एक फॉर-लूप दिसेल आणि अपडेट नावाची मेथड. अपडेट कोणाची, हे लूपला ठाऊक नाही आणि खात्याला तर नाहीच नाही. ताकास तूर लागू न देणं म्हणतात ते हेच.

आता मुख्य मुद्दा. यादीत नाव घालण्याचा सोहळा थाटात करा, काढण्याचा मुळीच नको. पासबुकाचा स्क्रीन उघडला की रजिस्टर; बंद झाला की काही नाही. गंमत अशी की खातं जिवंत असतं ते ॲप चालू असेपर्यंत, आणि त्याच्या यादीनं त्या बंद स्क्रीनचा हात धरून ठेवलेला असतो. कोणालाच नको असलेली ऑब्जेक्ट मेमरीतून उचलणारा गार्बेज कलेक्टर येतो, बघतो, ‘हा तर कोणाला तरी हवाय’ म्हणून निघून जातो. ग्राहकानं पासबुक दहादा उघडलं तर मेमरीत दहा पासबुकं, त्यातली नऊ कोणाच्याही नजरेस न पडणारी. पण कामाला मात्र दहाही हजर! एक रुपया जमा झाला तरी दहाही जणी बेरीज करतात, दहाही डेटाबेसकडे धावतात, आणि त्यातल्या नऊ जणी आपला निकाल एका अस्तित्वात नसलेल्या पडद्यावर रंगवतात. इंग्रजी साहित्यात या दुखण्याला लॅप्स्ड लिसनर असं भारदस्त नाव आहे. तुम्ही त्याला ‘लोड वाढलाय’ म्हणा. असाच प्रकार सर्व्हरवर असेल तर रोज पहाटे तीनला आपोआप रीस्टार्ट करणारी क्रॉन लावा आणि तिला मेंटेनन्स विंडो म्हणा, म्हणजे मॅनेजरही खूश.

कोणी फारच मागे लागलं, की ‘अनरजिस्टर कराच’, तर लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, वापरा. रजिस्टर करताना लॅम्डा द्यायची, काढताना अगदी तशीच दिसणारी दुसरी लॅम्डा द्यायची. दिसायला जुळी, पण ऑब्जेक्ट वेगळे. यादीत ती सापडत नाही आणि सापडली नाही म्हणून कोणी ओरडतही नाही. सी-शार्पमध्ये वजा-बरोबर लिहा किंवा जावास्क्रिप्टमध्ये रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर, दोन्हीकडे तेरी भी चूप मेरी भी चूप. कोड रिव्ह्यूमध्ये अनरजिस्टरची ओळ मात्र झळकते आणि रिव्ह्यू करणारा अंगठा दाखवून मोकळा होतो. एखादा हुशार ‘वीक रेफरन्स वापरा’, म्हणजे यादीनं ऑब्जेक्टचा हात घट्ट धरायचा नाही, असं सुचवेल. जरूर वापरा. मग त्या लॅम्डाला दुसऱ्या कोणीच धरून ठेवलेलं नसलं की गार्बेज कलेक्टर पुढच्या फेरीत तिला उचलतो, आणि एसएमएस कधी जातो, कधी जात नाही. असा बग तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाही. यापेक्षा चांगला गुण बगात असूच शकत नाही.

क्रमावर विसंबून राहायला विसरू नका. आधी फ्रॉडची तपासणी, मग एसएमएस, असं तुमच्या मशीनवर होतंय ना? मग ते तसंच होणार. जावानं १९९६ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून ऑब्झर्व्हेबल नावाचा तयार क्लास दिला होता. त्यातली अंमलबजावणी यादी शेवटाकडून वाचायची, म्हणजे जो सर्वांत उशिरा आला त्याला सर्वांत आधी कळायचं. शिवाय सेट-चेंज्ड ही मेथड बोलवायला विसरलात तर नोटिफाय-ऑब्झर्व्हर्स निमूटपणे काहीच करायची नाही. २०१७ साली आलेल्या जावा ९ मध्ये हा क्लास डेप्रिकेट केला, म्हणजे त्यावर ‘यापुढे वापरू नका’ असा शिक्का मारला. कळवण्याचा क्रम ठरलेला नाही आणि बदल व सूचना यांचा एकास एक मेळ नाही, ही कारणं त्यांनीच लिहून ठेवली. तेव्हा तो वापरू नका. एका दुपारी बसून स्वतःचा लिहा. तेच दोष स्वतःच्या हातानं घडवण्यात जी मजा आहे ती आयत्या क्लासमध्ये नाही.

तुमच्या यादीसाठी साधी ॲरे-लिस्ट घ्या आणि एखाद्या ऑब्झर्व्हरला अपडेट मिळताच स्वतःचं नाव काढून घेऊ द्या. ‘पहिली जमा झाली की स्वागताचा मेसेज’ या कामाला हे चपखल बसतं. बहुतेक वेळा, यादी वाचता वाचताच बदलली अशी तक्रार करणारं कन्करंट-मॉडिफिकेशन-एक्सेप्शन येतं, हा त्यातला कमीपणा, कारण निदान काहीतरी चुकलंय हे कळतं. पण निघून जाणारा यादीत शेवटून दुसरा असेल तर एक्सेप्शनही येत नाही. यादी एकानं आखडते, लूपला वाटतं आपण शेवटाला पोहोचलो, आणि खरा शेवटचा तसाच राहतो. त्याला काही कळलंच नाही, हे कोणालाच कळत नाही. तो शेवटचा फ्रॉडवाला असू द्या. टेस्टमध्ये तीन ऑब्झर्व्हर घेऊन पहिल्याला काढा, म्हणजे एक्सेप्शन दिसेल, तुम्ही ते पकडून गिळाल आणि टेस्ट हिरवी होईल. बदल करताना स्वतःची नवी नक्कल काढणारी कॉपी-ऑन-राइट यादी जावा ५ पासून फुकट मिळते, पण फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे किंमत नसते.

गिळण्यावरून आठवलं. एसएमएस पाठवणाऱ्याच्या अपडेटमधून एक्सेप्शन फेकलं गेलं तर तुमची फॉर-लूप तिथेच आडवी होते, पुढच्यांना काहीच पोहोचत नाही, आणि ते एक्सेप्शन वर चढत थेट पैसे जमा करणाऱ्या मेथडपर्यंत जातं. ट्रान्झॅक्शन रोलबॅक. म्हणजे एसएमएसचं गेटवे बंद म्हणून ग्राहकाचे पैसे जमा होत नाहीत. खात्याला एसएमएसवाला माहीतसुद्धा नाही बरं का. कपलिंग लूजच आहे. उपाय एकच: रिकामा कॅच ब्लॉक. लॉग बिग काही लिहू नका, डिस्क भरते.

सूचना कधी द्यायची? मूल्य बदलणाऱ्या प्रत्येक मेथडमधून (सेटरमधून), तडक. ट्रान्सफरमध्ये एका खात्यातून ५,००० रुपये वजा झाले की लगेच नोटिफाय, मग दुसऱ्या खात्यात जमा, पुन्हा नोटिफाय. पहिल्या नोटिफायच्या वेळी ते पैसे कुठल्याच खात्यात नसतात, आणि नेमकी त्याच क्षणी एकूण शिल्लक दाखवणारा ऑब्झर्व्हर बेरीज करतो. आधी दोन्ही बदल पुरे करून मग कळवणारे लोक असतात, पण त्यांच्या डॅशबोर्डवर कधी थरार नसतो. थरार आणखी हवा असेल तर लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, धरूनच सूचना द्या. ऐकणाऱ्यानं दुसऱ्या थ्रेडची वाट पाहिली आणि त्या थ्रेडला तुमचंच लॉक हवं असलं, की दोघंही ‘पहले आप’ करत बसतात.

शिल्लक बदलली की मर्यादा बदलायची, मर्यादा बदलली की शिल्लक पुन्हा मोजायची, आणि येरे माझ्या मागल्या, असं वर्तुळही एखादं असावं. स्टॅक ओव्हरफ्लो झाला की क्लासमध्ये ‘मीच-बदलतोय’ असा एक हो-नाही सांगणारा बुलियन टाकायचा. थोड्या दिवसांनी दुसरा.

२०१० साली मायर, रॉम्प्फ आणि स्काला भाषेचा जनक मार्टिन ओडर्स्की या स्वित्झर्लंडमधल्या तिघांनी हा पॅटर्न हळूहळू बाजूला सारावा असा लेखच लिहिला. त्यात अडोबीच्या एका सादरीकरणाचा दाखला आहे: त्यांच्या डेस्कटॉप ॲप्समधला एक तृतीयांश कोड इव्हेंट हाताळण्यासाठी, आणि नोंदलेल्या बगांपैकी निम्मे त्याच कोडमध्ये. तो लेख टीममध्ये फिरवू नका. निम्मे बग एका जागी सापडतात हे कळलं तर लोक तिथेच शोधायला लागतील.

आणि ती ‘एफडी करा’ जाहिरात. ऑफर केव्हाच संपली, स्क्रीन गेला, मार्केटिंगची ती टीमही राहिली नाही, पण तिचा ऑब्झर्व्हर अजून यादीत आहे आणि प्रत्येक जमेला इमानेइतबारे जागा होतो. तो काढायची वेळ आली तर काढू नका. काय बंद पडेल सांगता येत नाही. त्या क्लासच्या डोक्यावर एक कमेंट टाका, ‘हे काढू नये’, आणि खाली कारण लिहू नका.