लाल गोळी आणि चहा

मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतो, चहा म्हणजे विष. दुसऱ्या दिवशी दुसरा, चहाने हृदय ठणठणीत राहतं. आमच्या घरात जे झालं ते या दोन्हींत कोणीच सांगत नाही, म्हणून लिहितेय.

आई अमळनेर तालुक्यात राहते. गेल्या वर्षी चार पायऱ्या चढली की धाप लागायची. तपासलं तर हिमोग्लोबिन 8.1. डॉक्टरांनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी आकडा 8.4. मी तिच्यावर चिडले, गोळ्या घेतच नसशील म्हटलं. तिने रिकामी पाकिटं माझ्यापुढे ठेवली, एकही गोळी चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ बसले होते तेव्हा उमगलं. तिने गोळी जिभेवर ठेवली आणि वरून चहाचा घोट घेतला. तीन महिने रोज हेच चाललं होतं.

चहातली तुरट द्रव्यं पोटात लोहाला धरून बसतात, मग ते रक्तात फारसं जात नाही. गोळीतल्या लोहाचं तेच आणि धान्य-भाजीतल्या लोहाचंही तेच. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत अख्खे उडीद असतात, मेथी-पालक आपल्याकडे हिवाळाभर होते. जेवण चांगलंच आहे. पण भाकरी चहात बुडवून खाल्ली, नाहीतर ताट उचलताच चहा ठेवला, की त्यातलं लोह बऱ्याच अंशी वाया जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सांगितलंय की जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त!

कापूस वेचणीच्या दिवसांत तर बघवत नाही. मजुरी किलोवर, म्हणून बाई पहाटे स्वयंपाक करून, लेकरांना खाऊ घालून, स्वतः फक्त अर्धा कप चहा घेऊन शेतात जाते. गोड चहाने भूक मरते, दुपारपर्यंत निभतं. याला चहाची सवय म्हणणं मला पटत नाही. हा न घेतलेला नाश्ता आहे.

आईला म्हटलं, चहा कमी कर. ती म्हणाली, "च्या नही भेटना ते मनं डोकं दुखस." खरंच दुखतं. कॅफीनची सवय एकदम तोडली की डोकं धरतंच. म्हणून चहा तोडायला लावला नाही, फक्त वेळ बदलली. गोळी लिंबू-पाण्यासोबत, कारण लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं, आणि चहा त्यानंतर दीड तासाने. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.2 आलं.

चहाला विष म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे 5 लाख लोकांची माहिती अभ्यासून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रोज दोन किंवा जास्त कप काळ्या पत्तीचा चहा घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं कमीच दिसलं, दूध घालणाऱ्यांतही. चहानेच आयुष्य वाढतं असं यावरून ठरत नाही, पण विष नक्कीच ठरत नाही. साखरेचा हिशोब मात्र करा. दिवसात पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आणि उकळता चहा घशाखाली ओतू नका. 65 अंशांहून गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका संभवतो, असं 2016 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलंय. बशीत ओतून, फुंकून पिणारे आपले म्हातारे बरोबरच करत होते.

परवा आत्याकडे जेवले. ताट उचललं आणि लगेच, "च्या पीसन जाय ना, माय." नाही म्हटलं तर तिला वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, आत्या, तासभर थांबते, मग दोघी मिळून घेऊ. तिच्याही गोळ्या चालू आहेत. त्या तासात मी तिला आईची रिकामी पाकिटं आणि दोन्ही रिपोर्टची गोष्ट सांगितली.