'एक पालक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साताऱ्यातल्या तीन दिवसांच्या शिक्षक प्रशिक्षणावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही नाव दिलेलं नाही, तेव्हा 'एक पालक'च म्हणतो.

आधी चूक कबूल. चांद्रयान-३ च्या विक्रमला, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या लँडरला, पाच इंजिनं होती असं मी लिहून गेलो; तुम्ही म्हणता तशी ती चारच. पाच चांद्रयान-२ ला होती, पुढे मधलं काढलं. लेख दुरुस्त केलाय. आभार.

पण "तीन दिवस मास्तरांनी साताऱ्यात अंडी फोडली आणि टीए-डीए (प्रवास-दैनिक भत्ता) खिशात घातला" हे वाक्य लिहिताना तुमचा हात जरा तरी अडखळला का? मास्तर! अहो, सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. त्यातली सहा कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीच्या पलीकडे. पावसाळ्यात लाँच बंद पडली की शाळेतच पथारी. तेव्हा एकही पालक 'गुरुजी, जेवलात का' विचारायला आला नाही. असो.

फोडली अंडी. पहिल्या मजल्यावरून सोडलं तरी आतलं अंडं फुटणार नाही असं यान बनवायचं होतं. गटाला दहा स्ट्रॉ, दोन वर्तमानपत्रं, हातभर चिकटपट्टी, आणि अंड्यासकट वजन दीडशे ग्रॅमच्या आत. शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागून आणलेला. आमच्या यानाचा एक पाय दुमडला, बलक फरशीभर. दुसरं अंडं लगेच मिळालं नाही. आधी काय काय बिघडू शकतं ते कागदावर लिहा, प्रशिक्षक म्हणाले. पाय जाड केले तर काटा १६२ दाखवायचा. शेवटी आमच्या गटातल्या बाईंनी वरची छत्रीच छाटली. यावर तासभर भांडलोय आम्ही, साहेब.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर आदळल्यावर इस्रोने तरी दुसरं काय केलं? काय काय चुकेल ते आधी मांडलं. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. लँडर क्रेनला टांगून इंजिनं पेटवून पाहिली. मग २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर सुखरूप उतरला. त्यालाही तुम्ही अंडी फोडणंच म्हणणार का?

एका शिक्षकाकडे दोन वर्ग, साहित्य नाही, मग हे मुलांपर्यंत पोहोचणार कसं, वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत. त्यात इथे शिरत नाही.

आणि तो टीए-डीए अजून जमा झालेला नाही. झाला की कळवतो, निम्मा तुमचा.