अमेलिया इअरहार्ट: घात पेट्रोलने नव्हे, रेडिओने केला

नमस्कार. परभणीहून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन: अमेरिकन वैमानिक इअरहार्ट नवऱ्याच्या जाहिरातबाजीने मोठी झाली, 1937 साली पॅसिफिकवर पेट्रोलचा हिशेब चुकल्यामुळे बेपत्ता झाली, आणि मराठवाड्याच्या वाचकाला तिचं काय?

तिसरा आधी. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये विमान चालवणाऱ्या प्रेम माथुर यांच्यावर लिहायलाच हवं, हे कबूल. पण त्यासाठी इअरहार्टला बाजूला सारायची गरज नाही.

जाहिरातबाजी होतीच, पती जॉर्ज पुटनम प्रकाशक, त्यांचा तो हातखंडा. 1928 साली ती अटलांटिकपार गेली तीही नुसती प्रवासी म्हणून. मे 1932 मध्ये मात्र एकटी निघाली. वाटेत आल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) बंद पडला, पंखांवर बर्फ धरलं, एक्झॉस्टच्या चिरेतून जाळ दिसू लागला. तरी सुमारे 15 तासांनी उत्तर आयर्लंडच्या कुरणात विमान उतरवलं. जाहिरात बर्फ वितळवत नाही.

आता पेट्रोल. 2 जुलै 1937 ला न्यू गिनीतलं लाए सोडताना टाक्यांत सुमारे 1,100 गॅलन होतं, पॅसिफिकमधल्या हाउलंड बेटापर्यंतचं अंतर साधारण 4,100 किलोमीटर. 20 तासांनंतरही ती रेडिओवर बोलत होती. शेवटी पेट्रोल संपत आलं हे खरं, पण बेट सापडेना म्हणून. हाउलंड जेमतेम अडीच किलोमीटर लांब. नाथसागरात ठेवलं तर पलीकडच्या काठावरून दिसायचं नाही. तिचा दिशादर्शक सोबती नूनन सूर्यावरून विमान ज्यावर आहे ती 157–337 (अंशांतली दिशा) ही रेषा काढू शकत होता, रेषेवर आपण नेमके कुठे हे नाही. ते रेडिओने सांगायचं होतं.

तिथेच सगळं फसलं. तिच्याच मागणीवरून, हाउलंडजवळ थांबलेल्या इटास्का जहाजाने 7500 किलोहर्ट्झवर संदेश पाठवले. ते तिला ऐकू आले, पण दिशा कळेना. दिशा काढायला लूप एरियल (कड्यासारखी एरियल) फिरवून आवाज सर्वांत क्षीण होतो ती जागा धरायची असते. तिचं लूप कमी फ्रिक्वेन्सीसाठी होतं, 7500 वर ती जागा मिळेना. ती बोलत होती 3105 वर, जहाजाचं दिशाशोधक यंत्र 500 च्या आसपास चालणारं, आणि 500 साठीची लांब लोंबती एरियल विमानातून आधीच काढलेली. बेटावर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राच्या बॅटऱ्या उतरलेल्या. त्यातून ती दर वेळी काही सेकंदच बोले, तेवढ्यात दिशा धरता येत नाही. जहाजावर मात्र आवाज खणखणीत येत होता.

म्हणून तिला दोष द्यायचाच तर इथे द्या: आदल्या दिवशी लाएच्या चाचणी उड्डाणातही तिला लूपवर ती क्षीण जागा सापडली नव्हती. स्टेशन फार जवळ, म्हणून सिग्नल जास्त जोरदार, असं तिने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी निघाली.